नाक्यावर थांबलेले पाय

"हा पाय माझा नाही," असं म्हणून रंगाऱ्याने पाय टेबलावर आपटला.

पाय कोरा करकरीत होता, गुडघ्याखालचा. रंगारी स्वतः एका पायावर, बायकोच्या खांद्याला धरून उभा. इमारतींना बाहेरून रंग देणारा माणूस. परांचीवरून पडला, पाय चिरडला, कापावा लागला. टेबलामागच्या बाईने तो नवा पाय उचलला, आतला नंबर पाहिला, त्याच्या कार्डाशी ताडला आणि परत ठेवला.

"तुमचाच आहे. नंबर जुळतोय."

"नंबर जुळतो हो, पाय जुळत नाही! मोज्यावर मोजे चढवून बसतोय मी त्यात. माझा पाय मावून वर शेजाऱ्याचाही मावेल."

"आणि चालले की फटक् फटक् वाजतो," त्याची बायको म्हणाली. "हे घरी आले की आख्ख्या गल्लीला कळतं."

"मला शिडी चढायचीय, बाई. असला ढिला पाय घालून शिडी चढलो तर दुसऱ्या पायाचंही माप इथेच द्यायला येईन."

बाईने तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'मापात दोष', आणि खाली शिक्का मारला. तिचा शिक्का असा बसायचा की टेबलावरची पेन्सिल उडी मारायची.

हा कारखाना कृत्रिम पाय बनवायचा. पहिल्या खोलीत प्लास्टरच्या साच्यात माप घ्यायचे, दुसरीत तो साचा घासून नीट करायचे, तिसरीत वाटी, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती. मग जोडणी आणि शेवटी चालण्याची खोली, तिथे माणूस दोन दांड्यांना धरून पहिली पावलं टाकायचा. पण एका खोलीतून शेजारच्या खोलीत पाय सरळ जात नसे. प्रत्येक वेळी तो या बाईच्या टेबलावर यायचा. ती नंबर ताडायची, शिक्का मारायची, मगच तो पुढे. म्हणून त्या टेबलाला सगळे नाका म्हणत आणि तिला नाकेबाई. तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता, उलट ऐट होती.

ऐट असायला कारण होतं. फार वर्षांपूर्वी इथे दोन माणसांच्या पायांची अदलाबदल झाली होती. त्यातला एक जण बिचारा परक्याच्या पायावर मुकाट्याने चालत राहिला, जखम चिघळेपर्यंत. त्याला वाटलं, दुखतंच सुरुवातीला. तेव्हा ही बाई साधी कारकून होती. साहेब लोक एकमेकांकडे बोटं दाखवत बसले असताना ही उभी राहिली आणि म्हणाली, इथून पुढे प्रत्येक पाय प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांखालून जाईल. तो नियम तिचा. त्यानंतर एकही अदलाबदल नाही. अशी गोष्ट आयुष्यात एकदा केली की माणूस तिच्यावरच जगतो, आणि ती अजून बरोबर आहे का हे बघायचं विसरतो.

रंगारी अजून भांडत होता, तेवढ्यात मापाच्या खोलीतून मापवाला बाहेर आला. हातांना प्लास्टर, तोंडाला कुलूप नाही.

"पुन्हा माझ्या नावावर लिहिलंत?"

"पाय ढिला आहे. माप कोणी घेतलं? मी?"

"माझं माप चुकत नाही! पाय वाळतो, बाई, पाय वाळतो! हजारदा सांगितलं!"

"पाय काय धुणं आहे वाळायला?"

सगळे हसले. मापवाल्याने हात झटकले, प्लास्टरचे शिंतोडे तिच्या टेबलावर उडाले, आणि दार आपटून तो आत गेला. दोघांचं हे कित्येक वर्षांचं. तो ओरडायचा, ती टोचायची. तो सगळ्याच गोष्टींवर ओरडत असल्यामुळे त्यातली खरी कुठली हे कोणी ऐकत नसे.

त्याच दुपारी धाकट्या मॅडमनी तिला आत बोलावलं. कारखाना त्यांच्या सासऱ्यांनी काढलेला, आता या बघायच्या.

"ताई, तक्रारी वाढल्यात. पाय मिळायला उशीर आणि मिळाला की ढिला. आपण सॉफ्टवेअर घेतोय. दोन जण येणार आहेत. एकाकडे आहे वर्कफ्लो ऑटोमेशन, दुसरीकडे बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट. मला दोन्ही सारखीच वाटतात. हा कारखाना तुमच्याइतका कोणी ओळखत नाही. तुम्ही ऐका, तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते घेऊ."

"मी?"

"तुम्हीच. नाक्यावरून काय सुटतं?"

नाकेबाई बाहेर आली ती ताठ मानेने.

*

पहिला आला तो टायवाला. गोड बोलायचा, पण पोकळ नव्हता. त्याने तिचं कामाचं टेबल तासभर बघितलं आणि लॅपटॉपवर तिथल्या तिथे करून दाखवलं.

"मॅडम, तुमची पद्धत आम्ही बदलणार नाही. तुम्ही आज हाताने करता ते उद्या मशीन करेल. पाय टेबलावर आला की स्क्रीनवर दिसेल, तुम्ही ओके केलंत की पुढच्या खोलीला आपोआप निरोप. कोणी विसरलं की आठवण जाईल. पुढच्या आठवड्यात सुरू."

"आणि हे टेबल?"

"हेच तर कंट्रोल रूम! इथे मोठी स्क्रीन लावू. सगळं तुमच्या हातात."

तिला आवडलं. कोणालाही आवडलं असतं.

"तक्रारींचं काय?"

"तेही आपोआप. ज्याचा दोष, त्याच्या खात्यावर नोंद. ठरलेल्या नोंदी झाल्या की नोटीस. कोणाला वाईट बोलायला नको, कोणाशी भांडायला नको."

"म्हणजे मापवाला..."

"जे कोणी असतील ते." टायवाला हसला. "सिस्टिमला नावं कळत नाहीत."

मापवाल्याच्या नोंदी आताच इतक्या होत्या की सॉफ्टवेअर सुरू झाल्याच्या दिवशी पहिली नोटीस त्यालाच गेली असती. टायवाल्याला हे माहीत नव्हतं. नाकेबाईला होतं. आणि खोटं कशाला बोला, तिला त्या क्षणी बरं वाटलं.

दुसरी आली ती चष्मेवाली. जाड काचांचा चष्मा, साधी चप्पल, लॅपटॉप पिशवीतच. ती टेबलापाशी बसलीच नाही. "मला एक पाय दाखवा," म्हणाली, "आज माप घेतलेला. मी त्याच्याबरोबर फिरते."

फिरायला फार काही नव्हतं. त्या पायाचा साचा मापाच्या खोलीतून निघाला आणि नाक्यामागच्या मांडणीत येऊन बसला. त्याच्या आधीचे तिथे ओळीने बसलेलेच होते. चष्मेवाली मांडणीसमोर स्टूल घेऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी नाकेबाई वैतागली.

"अहो, तुम्ही सॉफ्टवेअर विकायला आलात की पायांची राखण करायला?"

"आमचं काम असंच असतं, ताई. आधी सगळी वाट काढायची, माप घेतल्यापासून माणूस चालेपर्यंत. कुठे काम होतं, कुठे नुसतं थांबणं होतं, ते बघायचं. मग ठरवायचं, काय मशीनने करायचं आणि काय करायचंच नाही."

"करायचंच नाही म्हणजे?"

"म्हणजे वाटेत काही फुकटचं असेल तर ते काढून टाकायचं. नाहीतर आपण फुकटचं काम जोरात करायला लागतो, आणि वाटतं सुधारणा झाली."

नाकेबाईला हे कानामागे टाकता आलं असतं. पण चष्मेवालीने पुढचा प्रश्न विचारला, अगदी सहज, चपलेचा पट्टा नीट करता करता.

"पाय ढिला म्हणून परत येणारे कोण असतात?"

"कोण म्हणजे? सगळे."

"सगळे? आठवा बरं."

आठवायला तिला कागद लागत नसे. "रंगारी, परवाचाच. त्याआधी ती शिवणयंत्राच्या दुकानातली मुलगी. मग तो ट्रकवाला, हा एवढा धिप्पाड, रडला होता इथे. मग ती दोन मुलांची आई, गाडीखाली..."

"यांचे पाय कधी कापले होते?"

"हल्लीच की. त्याच वर्षी."

"आणि जुने? पाय जाऊन वर्षं झालीत, दुसरा-तिसरा करून घ्यायला येतात ते?"

नाकेबाई बोटांवर मोजू लागली. जुने. लंगडा घड्याळजी. ती नर्स. ते निवृत्त फौजदार, जे बुटाच्या रंगावरूनही भांडतात. त्यांच्यापैकी एकही कधी ढिला पाय घेऊन आला नव्हता. माप तोच मापवाला घ्यायचा. त्याच हातांनी, त्याच फितीने, तीच शिवीगाळ करत.

एकाच माणसाचं माप जुन्यांना बरोबर आणि नव्यांना चूक कसं असेल?

"नवा कापलेला पाय पहिले काही महिने आटत जातो," चष्मेवाली म्हणाली. "मापाच्या खोलीतले ते काका मला सांगत होते. ओरडून सांगत होते, पण सांगत होते. म्हणजे माप घेतलं त्या दिवशी बरोबर. वाटी माणसाच्या पायाशी पोचते तोवर पाय पुढे गेलेला. आता मधले दिवस कुठे जातात..."

तिने मांडणीकडे पाहिलं नाही. तेवढी सभ्यता तिच्यात होती. पण नाकेबाईने पाहिलं. प्लास्टरचे पांढरे पाय ओळीने उभे होते, तिच्या शिक्क्याची वाट बघत. गेल्या महिन्यात ती तापाने घरी होती तेव्हा मांडणी भरून साचे खाली फरशीवर ठेवावे लागले होते, आणि कामावर आल्यावर ते दृश्य बघून तिला केवढं बरं वाटलं होतं! माझ्यावाचून अडतं, असं वाटून. अडत होतंच. तिच्यावाचून नाही, तिच्यामुळे.

*

नवरा शिंपी होता. घरातल्याच पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे उसवून लहानमोठे करून द्यायचा. ती आली तेव्हा तो कोणाच्या तरी कोटाच्या बाह्या आखूड करत होता.

"अहो, एक विचारू?"

"दोरा तोंडात आहे. तूच बोल, मी हुं करतो."

तिने सगळं सांगितलं. टायवाला, चष्मेवाली, आटणारे पाय. त्याने दोरा तोडला.

"म्हणजे मापवाला खरं बोलत होता?"

"ओरडत होता."

"ओरडून खरं बोलत होता." त्याने कोट बाजूला ठेवला. "मग आता? कुठलं घ्यायचं?"

"टायवाल्याचं घेतलं तर माझं टेबल राहतं. वर स्क्रीन. मापवाला आपोआप जातो, मला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. कोणाला काही कळत नाही."

"आणि तिचं घेतलं तर?"

"ती सगळी वाट भिंतीवर काढणार. त्यात माझं टेबल लाल रंगात. सगळ्या कारखान्यासमोर."

"टेबल गेलं तर तू करशील काय?"

"ते कोणाला माहीत."

त्याने सुईत नवा दोरा ओवला. म्हणाला, "अगं, तू घरी असलीस की डबेसुद्धा तपासून बंद करतेस. तुला टेबलाशिवाय मी बघितलेलं नाही."

"मी पण नाही."

"पण एक आहे," तो पुन्हा मशीनवर बसत म्हणाला, "तो मेला मापवाला तुला आवडत नाही."

"मुळीच नाही. तोंड बघावंसं वाटत नाही."

"मग काही प्रश्नच नाही," असं म्हणून त्याने मशीन चालू केलं. काय म्हणायचं होतं त्याला कोण जाणे. पण तिला त्या रात्री चांगली झोप लागली.

*

सकाळी ती थेट मापाच्या खोलीत शिरली. इतक्या वर्षांत ती या खोलीत कामाशिवाय आली नव्हती. मापवाला प्लास्टर कालवत होता.

"काय, आता आत येऊन शिक्का मारणार?"

"रंगाऱ्याला बोलावलंय. पुन्हा माप घ्या."

"घेतो आणि तुमच्या मांडणीत लोणच्यासारखं मुरवत ठेवतो."

"मांडणीत जाणार नाही. साचा माझ्या हातात द्या. मी घेऊन फिरते."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती शुद्धीवर नाही.

"नियम तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे. म्हणूनच मी मोडू शकते. तुम्ही मोडलात तर नोटीस देईन."

तो हसला. हा माणूस हसतो हेच तिला माहीत नव्हतं. पुढचा दात नव्हता त्याला.

रंगाऱ्याचा साचा ओला असतानाच तिने उचलला. नंबर त्यातच कोरला, बोटाएवढ्या काडीने, वाळल्यावर पुसणार नाही असा. साच्याच्या खोलीतून वाटीच्या खोलीत, तिथून जोडणीला. प्रत्येक दारात ती स्वतः उभी. "शिक्का?" असं विचारणाऱ्याला ती म्हणायची, "मी उभी आहे ना? अजून काय हवंय?" दुसरी सगळी कामं तिने बाजूला सारली. जो पाय एरवी महिना खायचा तो तीन-चार दिवसांत चालण्याच्या खोलीत पोचला.

रंगारी दांड्यांच्या मध्ये उभा राहिला. पाय चढवला. एकच मोजा. दोन पावलं टाकली, थांबला, पुन्हा टाकली.

"वाजत नाही," त्याची बायको म्हणाली. कान लावून ऐकत होती ती.

"शिडी आहे का इथे?" रंगारी म्हणाला.

"शिडी नाही, जिना आहे," मापवाला दारातून ओरडला. "चढ आणि पडलास तर माझं नाव घेऊ नकोस, तिचं घे!"

रंगारी जिना चढला. उतरला. पुन्हा चढला. तो काही पडला नाही.

*

बैठकीत धाकट्या मॅडम, टायवाला, चष्मेवाली आणि नाकेबाई. चष्मेवालीने मोठा कागद गुंडाळून आणला होता, पण अजून उघडला नव्हता.

"ठरलं, ताई?"

"ठरलं. हिचं घ्या."

टायवाला पुढे सरकला. "मॅडम, प्रोसेस मॅनेजमेंटला वेळ लागतो. सगळी पद्धत बदलावी लागते. आमचं पुढच्या आठवड्यात चालू. आणि तुमची जी उत्तम पद्धत आहे ती जशीच्या तशी..."

"जशीच्या तशी, हाच तर घोळ आहे," नाकेबाई म्हणाली. "तुमचं सॉफ्टवेअर वाईट नाही, भाऊ. वाट नीट झाली की निरोपाबिरोपाला तुम्हालाच बोलावू. पण आज तुम्ही आमची चूक वेगाने पळवाल. पाय त्याच मांडणीत पडून राहतील, फक्त पडून आहेत हे स्क्रीनवर झकास दिसेल. आणि चूक नसलेल्या माणसाला नोटीस जाईल, आपोआप."

"कोणाला?" मॅडमनी विचारलं.

"मापवाल्याला. त्याच्या नावावरच्या ढिल्या पायांच्या सगळ्या नोंदी मी लिहिल्यात. सगळ्या काढून टाका. मापं बरोबर होती. पाय माझ्या टेबलावर आटले."

चष्मेवालीने कागद तिच्याकडे सरकवला. उघडायचा की नाही ते तुम्ही ठरवा, असा. नाकेबाईने तो स्वतः उघडला आणि चारी कोपऱ्यांवर कप ठेवले. खोल्यांमधून निघालेल्या रेघा सगळ्या एका लाल चौकोनात शिरत होत्या, जशा माश्या गुळावर.

"हे मी," तिने त्यावर बोट ठेवलं. "हे काढा. एका खोलीतून दुसरीत सरळ जाऊ द्या, भिंतीत खिडक्या पाडा. नंबर ओल्या साच्यात कोरायचा, मापवाल्याने, माणसासमोर. आणि ताडायचा एकदाच, शेवटी, माणूस पायावर उभा राहतो तिथे. तपासणी बंद करायची नाही. बाकी जागोजागी नाके नकोत."

"पण ताई," मॅडम सावकाश म्हणाल्या, "मग तुम्ही?"

"माझं नंतर बघू. आधी पाय जाऊ द्या."

"तुमच्यासाठी काही तरी पद..."

"मॅडम, पद देऊन मला पुन्हा कुठेतरी बसवू नका. मी बसले की लोक थांबतात."

ती बाहेर आली तेव्हा बातमी तिच्या आधी बाहेर आली होती. अशा इमारतीत भिंतींना नुसते कान नसतात, पायही असतात. मापवाला व्हरांड्यात उभा होता, हात पुसत. आभार मानण्यातला तो नव्हे.

"नाका उठला म्हणे."

"उठला."

"मग आता शिव्या कोणाला द्यायच्या?"

"सवय आहे तुम्हाला. कोणी ना कोणी मिळेल."

"तुमच्यासारखं मिळणार नाही," तो म्हणाला आणि आत गेला. या वेळी त्याने दार आपटलं नाही, ओढून घेतलं.

*

भिंतींत खिडक्या पडल्या. मांडणी मोकळी झाली, मग गेली, मग टेबलही गेलं. त्या जागी आता नुसती फरशी होती, बाकीच्या फरशीहून उजळ. पहिले काही दिवस लोक तिथून जाताना सवयीने थबकत, मग पुढे जात. पुढे पुढे थबकणंही गेलं. नव्याने लागलेल्यांना तिथे काही होतं हेही माहीत नव्हतं. नाकेबाई म्हटलं की ते विचारत, हे कसलं नाव?

ती आता चालण्याच्या खोलीत असायची. खुर्ची तिनेच नको म्हटली होती. माणूस आला की पायाचा नंबर बघायचा, त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि बाजूला व्हायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड होतं.

एका सकाळी टपाल वाटणारी बाई आली. काटकुळी, घाईची. बसल्या बसल्या म्हणाली, "लवकर होईल ना हो? माझा भाग दुसरीला दिलाय, ती पत्रं चुकीच्या दारात टाकते." नंबर जुळला. तिने नाव सांगितलं. पाय चढवला, तो खोबणीत दार बसावं तसा बसला. ती उठली आणि दोन्ही कुबड्या न बघताच शेजारी उभ्या असलेल्या नाकेबाईच्या हातात दिल्या.

"धरा हो जरा."

दांड्यांच्या मधून ती टोकापर्यंत गेली. वळून परत यायचं असतं, ती वळली नाही. दांड्या संपल्या तरी चालत राहिली. भिंतीला हात लावला, दाराची चौकट धरली, सोडली. मग व्हरांडा. मग बाहेरचं अंगण. तिच्या मागून चालण्याच्या खोलीतली मुलगी "अहो, थांबा, अहो!" करत धावली. टपालवाली थांबली नाही. फाटकापाशी पोचली, फाटकावरची पाटी वाचली, पलीकडच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.

नाकेबाई दारातून बघत होती. कुबड्या भिंतीला टेकवता आल्या असत्या. कोपऱ्यात तशी जागाही होती. तिने त्या काखेत नीट सावरून घेतल्या आणि तशीच उभी राहिली.